विहिरीकडची सहा, भिंतीकडची पाच

केजमध्ये कुणाला जुनं काही आठवेनासं झालं की लोक रामहरीकडे येतात. कुणाच्या आजोबांनी कोणत्या साली घर बांधलं, अमक्याचं लग्न मोडलं तेव्हा मध्यस्थ कोण होता, तमक्याची म्हैस कुणाच्या विहिरीत पडली होती, सगळं त्याच्यापाशी तयार. ऐकणाऱ्याला एवढं नको असतं, पण तो कुणाचं ऐकतो थोडाच? त्याला एकदा चालू केलं की बंद करायची कळ फक्त त्याच्या बायकोला, भिवराबाईला, ठाऊक. ती आतून एवढंच म्हणते, "च्या गार व्हायलाय." मग गडी गप्प होतो.

त्याचं आडनाव गावात कुणी वापरत नाही. तो 'जिनिंगचा रामहरी'. नांदूरघाटच्या रस्त्यावर ती कापसाची जुनी जिनिंग होती. कापसातून सरकी काढायची, रुई दाबून गाठी बांधायच्या, असं काम. बंद पडूनही पस्तीस वर्षं होऊन गेली, पण रामहरी अजून तिथे नोकरीला असल्यासारखाच बोलतो. तो प्रेसखोलीत होता, गाठी दाबायला. मागच्या अंगाला कामगारांच्या बारा खोल्या होत्या, त्यातली सातवी त्याची. बाराही खोल्यांत कोण राहत होतं हे तो झोपेतून उठवलं तरी सांगेल. पण खोल्यांच्या मागे काय होतं, ते मात्र त्याने कधी कुणाला सांगितलं नाही.

मागे जिनिंगची विहीर होती, एक मोठं कडुलिंबाचं झाड होतं आणि त्यापलीकडे आवाराची दगडी भिंत. विहीर आणि भिंत यांच्या मधल्या त्या पडीक तुकड्यात अकरा लेकरं पुरलेली होती.

दात न आलेलं लेकरू जाळत नाहीत, पुरतात. बापाने ते फडक्यात गुंडाळून हातावर न्यायचं, चार माणसांनी मागे जायचं, मूठभर मीठ घालून माती लोटायची आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड ठेवायचा. खड्डा बापाने खणायचा नाही, तो दुसऱ्या कुणी खणायचा. आणि आईला जागा दाखवायची नाही. एकदा दाखवली की ती रोज तिथे जाऊन बसते, अंगावरचं दूध आटत नाही, पुढचं लेकरू धरत नाही, असं जुनी माणसं म्हणत. जिनिंगची माणसं सगळी बाहेरगावची, पोटामागे आलेली. गावाच्या जागेत कुणाला विचारायला जायचं? म्हणून विहिरीमागेच. तिथे ताप होता, गोवर होता, जुलाब होते, आणि दवाखाना लांब होता. विहिरीच्या अंगाचे सहा खड्डे रामहरीने खणलेले. भिंतीच्या अंगाचे पाच धुळाजीने.

धुळाजी धारूरकडचा, घरी मेंढरं राखणारा. एका दुष्काळात मेंढरं गेली तेव्हा जिनिंगला हमाल म्हणून लागला. आडमाप ताकदीचा आणि कमी बोलणारा. भिंतीकडच्या त्या पाचांत एक रामहरीची पोरगी होती. सुकन्या. चार महिन्यांची.

ह्या कार्तिकात जिनिंगची जागा विकली गेली. मूळ मालकाचे नातू कुठे लांब असतात, त्यांनी ती प्लॉटिंगवाल्याला दिली. जागेवर पाटी लागली. मार्गशीर्षातल्या तिसऱ्या सोमवारी जेसीबी येणार, खोल्या पाडणार, विहीर बुजवणार आणि सगळं एका पातळीत करणार असं कळलं. रामहरीने ही बातमी घरी येऊन नेहमीसारखी रंगवून सांगितली. पोरगा परमेश्वर आणि सून दोघं ऊसतोडीला गेलेले, घरात ही दोघंच. भिवराबाई तूर निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"ज्यांची ज्यांची लेकरं हायत तिथं, त्या समद्या बायांना सांगून या," ती म्हणाली. "माती तरी उचलून न्हेतील. आन् मंग आपली जागा मला दाखवा. आता तर दाखवताल का न्हाई?"

रामहरी हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? पण तिच्याकडे न बघताच तो चपला घालून बाहेर पडला.

त्याचं कारण चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचं होतं. पोरगी गेली त्या दिवशी तो घरी आला होता आणि भिवराबाईला म्हणाला होता, "म्या माझ्या हातानं ठिवली तिला. नीट ठिवली. तू काळजी नकू करू." तो शब्द भिवराबाईने धरून ठेवला होता. आणि तो खोटा होता. रामहरी गेलाच नव्हता. लोकांची लेकरं डोळ्यांत पाणी न आणता मातीत घालणारा हा माणूस, स्वतःची पोरगी फडक्यात गुंडाळलेली बघितली आणि पायाला पाय लावून प्रेसखोलीत पळाला. दार आतून लावून घेतलं आणि दिवसभर गाठी दाबत राहिला. पोरीला धुळाजीने नेलं. कुठे ठेवलं, हे रामहरीने त्याला कधी विचारलं नाही. आधी विचारायची छाती झाली नाही, मग लाज वाटली, आणि मग जिनिंग बंद पडून धुळाजी धारूरकडे निघून गेला. ज्याला अख्ख्या तालुक्याचं आठवतं त्याला भिंतीकडच्या पाचांतली आपली कोणती, हे माहीत नव्हतं.

म्हणजे धुळाजीला शोधणं आलं. पण रामहरीने ते शेवटी ठेवलं. जे अवघड ते शेवटी, ही त्याची जन्माची खोड. त्याने आधी बाकीच्या आया शोधायला घेतल्या.

सुरेखा सापडायला वेळ लागला नाही. ती केजच्या बाजारातच भाजी घेऊन बसते, ती पहिल्या खोलीतली. रामहरीने तिच्यासमोर उकिडवं बसून मेथीच्या दोन जुड्या उगीचच घेतल्या, भाव केला, आणि मग सांगितलं. सुरेखाने हातातली जुडी खाली ठेवली नाही. तिचं पहिलंच लेकरू ते, सोळाव्या वर्षी झालेलं. थोड्या वेळाने तिने विचारलं, तोंडावर फडकं टाकलं होतं का, की माती तशीच तोंडावर पडली. टाकलं होतं, रामहरी म्हणाला. ते त्याला खरंच आठवत होतं. सुरेखाने मान हलवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला कोथिंबीर दिली. मेथीचे पैसे तिने घेतले नाहीत.

चौथ्या खोलीतली बाई वारली होती. तिची मुलगी बबिता नांदूरघाटला अंगणवाडीत आहे. आपल्याआधी एक भाऊ होता हे बबिताला माहीतच नव्हतं. तिने रामहरीला पोरांच्या छोट्या खुर्चीवर बसवलं आणि दोन-दोनदा तेच विचारत राहिली. नाव काय होतं, कसा दिसायचा, कशाने गेला. नाव ठेवलंच नव्हतं, रामहरी म्हणाला. मग ती म्हणाली, आई दर नागपंचमीला एक पुरणाचं दिंड जास्त करायची आणि ते कुणाचं म्हणून विचारलं की चिडायची. तेव्हा मात्र रामहरीला तिच्याकडे बघवेना.

नवव्या खोलीतला उत्तरेश्वर आता ऊसतोड टोळीचा मुकादम आहे, कर्नाटकात कुठल्या तरी फडावर. फोन लागला तर तो एकदम तोडून बोलला. म्हातारी आई आपल्याबरोबर पाचटाच्या कोपीवर आहे, तिला कशाला सांगता, रडत बसेल, काम बंद पडेल. रामहरीने बरं म्हटलं आणि ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याच नंबरवरून म्हातारीचाच फोन आला. तिला कसं कळलं देव जाणे. तिला फार बोलता येत नव्हतं. माझ्या वाटचं मीठ तुमीच घाला भाऊ, एवढंच तिने दोनदा सांगितलं.

असं करत करत पंधरा दिवसांत रामहरीने विहिरीकडच्या सहांपैकी पाच घरं शोधली. सहावं कुठल्या मुलखाला गेलं ते कुणालाच सांगता आलं नाही. भिंतीकडच्या उरलेल्या चार घरांपैकी दोन सापडली, पण त्या लेकरांचे बाप जाऊन वर्षं लोटली होती आणि आयांना जागा ठाऊक नव्हती. रोज संध्याकाळी भिवराबाई विचारी, आज कोण भेटलं, काय म्हणाली. रामहरी सगळं सांगे. ती ऐकून घेई आणि मग भाकरी थापायला बसे. एकदा मात्र ती मध्येच म्हणाली, "धुळाजीभावजींकडं कवा जाताव?" रामहरी म्हणाला, जाईन की. तिने पुन्हा विचारलं नाही. त्याला वाटलं, बरं झालं.

सोमवारला तीन दिवस उरले तेव्हा तो निघाला. एसटीने धारूर, अर्ध्या तिकिटात. तिथून वाट बघून बघून जीप. घाटाच्या कडेला, जिथून किल्ल्याची मागची बाजू दिसते, तिथे पाच-सहा घरांची वस्ती. दारात मेंढरांचा वाडा. धुळाजीची बायको साखराबाई वाळवण राखत बसली होती. तिने रामहरीला ओळखलं नाही, पण त्याने जिनिंग म्हटल्यावर उठून आत गेली आणि पाणी घेऊन आली.

धुळाजी बाजेवर बसलेला होता. एवढा मोठा माणूस, पण अंगातलं सगळं झडून हाडांचा सापळा राहिलेला. डोळे पांढरे झालेले, मोतीबिंदू पिकून दृष्टी गेलेली. आवाजावरून मात्र त्याने लगेच ओळखलं. "रामहरी, जित्ता हायस होय बे," म्हणाला आणि हात पुढे केला.

रामहरीने इकडचं तिकडचं बोलून घेतलं. पाऊस, मेंढरं, ऊसतोड, गुडघे. साखराबाईने चहा आणला तो पिऊन झाला. जागा विकल्याचं सांगितलं, जेसीबीचं सांगितलं, बाया शोधल्याचं सांगितलं. धुळाजी हूं हूं करत राहिला. मग रामहरीने आवाज खाली आणून विचारलं की भिंतीकडची त्याची पोरगी नेमकी कोणती.

धुळाजीने हातातली कपबशी चाचपत खाली ठेवली. साखराबाई उठून मेंढरांकडे गेली.

"म्या तुला हाका मारल्या व्हत्या," तो म्हणाला. "पोरगी हातावर, आन् म्या प्रेसखोलीच्या दाराशी हुबा. तू दार उघडलं न्हाईस. लई हलकी व्हती बे ती. काईच वजन न्हवतं."

रामहरी खाली बघत होता.

"लोकांना सांगितलं, बाप आलता म्हनून. तुझी लाज राखली. मला वाटलं, कवातरी येशील, इचारशील. म्या जिनिंगला असूस्तोवर वाट बघितली."

"चुकलं माझं," रामहरी म्हणाला. "आता सांग."

"तुला कावून सांगू? जिला सांगायचं तिला सांगितलं म्या. तवाच. त्याच सालात."

रामहरीला आधी काही उमगलं नाही. मग उमगलं.

धुळाजीने सांगितलं ते असं. पोरगी गेल्यावर आठ दिवसांनी भिवराबाई त्याच्या खोलीसमोर येऊन बसली. जागा दाखवा म्हणाली. त्याने नाही म्हटलं, आईला दाखवत नाहीत. ती उठली नाही. दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशी आली. अन्न नाही, पाणी नाही, नुसती बसून राहिली. साखराबाईलाच ते बघवलं नाही. चौथ्या दिवशी सगळे कामावर असताना धुळाजीने तिला भिंतीकडे नेलं आणि बोट दाखवलं. तिने एकच विचारलं होतं, पोरीच्या बापाने ठेवली का. धुळाजी खोटं बोलायला गेला आणि त्याला बोलता आलं नाही.

"तिला समदं ठावं हाय, रामहरी," धुळाजी म्हणाला. "तिलाच इचार जा."

परतीच्या जीपमध्ये रामहरी मागच्या फळीवर बसला. शेजारच्या माणसाने कुठले तुम्ही म्हणून विचारलं तर त्याने केज एवढंच सांगितलं. असा रामहरी कुणी पाहिलेला नव्हता. त्याच्या डोक्यात चव्वेचाळीस वर्षं फिरत होती. दर पौषात, पोरगी गेली त्या महिन्यात, आणि अधूनमधून एरवीही भिवराबाई गवत, शेण, सरपण, काहीतरी कारण काढून जिनिंगकडे जायची. त्याला वाटायचं बाई मेहनती आहे. जिनिंग बंद पडली तरी जायची. एकदा त्याने चेष्टा केली होती की तिथं सोनं पुरलंय का तुझं. ती हसली होती आणि सरपण घेऊन आली होती. आता ती चेष्टा आठवून त्याला आपल्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. एवढी वर्षं ती त्याच्याबरोबर एका ताटात जेवली, त्याची दोन पोरं वाढवली, त्याच्या तापात रात्र रात्र बसली, आणि एक शब्द बोलली नाही. तिने कधी भांडण काढलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत राहिलं.

घरी पोचला तेव्हा उन्हं कलली होती. भिवराबाईने विचारलं, भेटले का. भेटला, रामहरी म्हणाला. डोळे गेलेत त्याचे. तिने च्च केलं आणि पाय धुवायला पाणी दिलं. तो बोलणार होता, पण आधी पाय धुतले, मग जेवायलाच बसला. त्याने जेवण अर्धं टाकलं. तिने त्यावरही काही विचारलं नाही.

रविवारी सकाळी सगळ्या बाया जिनिंगवर जमल्या. सुरेखा भाजीची पाटी शेजारणीवर सोपवून आली होती. बबिता पुरणाचा डबा घेऊन आली होती. आणखी चौघीजणी होत्या, कुणी सुनेला घेऊन, कुणी काठी टेकत. खोल्यांची दारं-खिडक्या लोकांनी केव्हाच नेल्या होत्या. आवारात रान माजलं होतं. रामहरीने विळ्याने वाट केली आणि विहिरीपासून पावलं मोजत एकेकीला जागा दाखवली. ही तुमची. ही तुमची. दगड होते कुठे, नव्हते कुठे, पण त्याची पावलं चुकली नाहीत. बाया खाली बसल्या. कुणी मोठ्याने रडलं नाही. ज्याची त्याची माती फडक्यात बांधली, मीठ घातलं. उत्तरेश्वरच्या आईचं मीठ रामहरीने घातलं, तिच्या नावाने. सहाव्याला कुणी नव्हतं तर सुरेखाने त्याचीही माती उचलली. गावाबाहेर नदीकाठी सगळ्यांनी ती ठेवायची ठरवली होती.

मग भिंतीकडच्या दोघी त्याच्याकडे बघायला लागल्या. आणि भिवराबाईही. ती मागे उभी होती, पदर कमरेला खोचून, हातात रिकामं फडकं.

रामहरी भिंतीपर्यंत गेला आणि थांबला. त्याला एक सोपं होतं. कोणत्याही दगडावर बोट ठेवायचं, ही आपली म्हणायचं. ती काही बोलली नसती, हे आता त्याला पक्कं माहीत होतं. चव्वेचाळीस वर्षं जी बोलली नाही ती आज सहा बायांसमोर कशाला बोलेल? ती ते खोटंही गिळून गेली असती.

"मला ठावं न्हाई," रामहरी म्हणाला. ते सगळ्यांना ऐकू गेलं. "म्या आलोच न्हवतो. माझ्या हातानं न्हाई ठिवली. धुळाजीनं ठिवली. म्या प्रेसखोलीत लपून बसलतो. तुला खोटं बोललो, भिवरे."

लिंबावर साळुंक्या कलकलत होत्या तेवढाच आवाज. भिवराबाईने पदर काढून डोळ्यांना लावला आणि तसाच धरून ठेवला. रामहरीला वाटलं ती आता निघून जाईल.

ती निघून गेली नाही. सरळ चालत भिंतीकडून तिसऱ्या जागेपाशी गेली, लिंबाच्या अंगाला. तिथे एक चपटा दगड होता. त्याच्याभोवती गवत नव्हतं. आजूबाजूला सगळं रान गुडघ्याएवढं आणि तेवढाच हातभर तुकडा स्वच्छ होता.

"तुमी कवातरी सांगताल म्हनून थांबले," ती म्हणाली. "रोज वाटायचं, आज सांगतील. मंग वाटाया लागलं, न्हाईच सांगत. मरस्तोवर न्हाई." तिने पदर पुन्हा कमरेला खोचला. "या हिकडं."

रामहरी गेला. ती म्हणाली, "तवा न्हाई धरलं. आता तरी हातात घ्या तिला."

तो खाली बसला. विळा, खुरपं, कशालाही हात लावला नाही. दगड बाजूला ठेवला आणि बोटांनी माती उकरायला लागला. माती कठीण होती, नखं मोडली. भिवराबाई शेजारी बसली आणि फडकं पसरलं. दोघांच्या मधे माती जमा होत गेली. शेवटी रामहरीला रडू फुटलं, आणि म्हातारा माणूस रडतो तसं ते वेडंवाकडं, आवाज न होणारं होतं. भिवराबाईने त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. तिने मीठ घातलं, गाठ मारली आणि गाठोडं त्याच्या हातात दिलं.

नदी तिथून दीड-दोन मैल. भिंतीकडच्या दोघींनी उरलेल्या चारही जागांची चिमूट चिमूट माती बांधून घेतली, आणि बाकीच्या बाया पुढे निघून गेल्या. रामहरी गाठोडं दोन्ही हातांवर आडवं धरून चालत होता, लेकरू धरतात तसं, आणि त्याचे हात लवकरच दुखायला लागले. वाटेत भिवराबाई दोनदा म्हणाली, द्या हिकडं, दमलाव. त्याने दिलं नाही.